जिन्याखालचं कपाट

सुट्टीपुरत्या भाड्याने घेतलेल्या घराच्या मालकीणबाईंच्या इमेलमध्ये पोस्टकोड होता, पण लगेच पुढे लिहिलं होतं, की पोस्टकोड घालून आलात तर शेजारच्या शेतकऱ्याच्या अंगणात पोचाल, आणि तो आता लोकांना वाट सांगून सांगून वैतागला आहे. त्यापेक्षा वेल्समधलं बाला गाव सोडलं की डोंगराकडे वळा, दोन कॅटल ग्रिड ओलांडा, वाऱ्याने वाकलेल्या काटेरी झाडापाशी डावीकडे घ्या. रस्त्याच्या मधोमध गवत दिसायला लागलं की समजा, बरोबर चाललात. मला ही भाषा ओळखीची वाटली. राजापूरकडच्या आमच्या घरी येणाऱ्याला दादा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, असंच सांगतो. गुगलचं ऐकू नको, कातळाचा सडा संपला की आंब्याखाली गाडी लाव आणि हाक मार.

कॅटल ग्रिड म्हणजे रस्त्यात आडवे टाकलेले लोखंडी नळ आणि त्यांच्याखाली खड्डा. खूर निसटतो म्हणून मेंढी ते ओलांडत नाही. गाडी ओलांडते, पण आतल्या माणसांच्या दातांची खबर घेऊन. ऑक्टोबरची अखेर होती. शाळांना हाफ टर्मची सुट्टी आणि नेमकी त्याच आठवड्यात दिवाळी, त्यामुळे डिकीत रेनकोटांना खेटून चकल्यांचा डबा होता. दुसऱ्या ग्रिडवर त्यातल्या निम्म्या चकल्यांचं कडबोळं झालं.

बर्मिंगहॅमहून बालाला यायला अडीच तास पुरतात. आम्हाला चार लागले. वेल्सची हद्द लागली की रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत शब्द येतो, 'आराव'. खाली इंग्रजीत 'स्लो'. लिहिताना शेवटी एक एफ असतो, पण वेल्शमध्ये एका एफचा उच्चार व, आणि फ हवा असेल तर एफ दोनदा लिहायचा. आमच्या लेकीने हे फोनवर वाचून दाखवलं आणि तेव्हापासून गाडीत, जिन्यावर, चहा ओतताना, कुणीही घाई केली की दुसरा ओरडायचा, आराव! सप्टेंबर २०२३ पासून तिथे वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे, म्हणजे नवऱ्याला ओरडायची वेळ फारशी आलीच नाही.

हद्दीवरच्या स्वागताच्या पाटीने मात्र मला कोड्यात टाकलं. वेल्स देशाचं त्यांच्या भाषेतलं नाव कम्री. पाटीवर लिहिलेलं 'क्रोइसो इ गम्री'. स्वागताच्या पाटीवरच देशाच्या नावात चूक कशी असेल?

घर एकटंच होतं. डोंगराच्या कुशीत पाठ टेकून बसलेलं, पांढऱ्या चुन्याचं. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसता यावं. दार इतकं बुटकं की नवऱ्याने पहिल्या तासात कपाळावर दोन टेंगळं मिळवली. आत खालची एकच मोठी खोली, तिच्या एका टोकाला अर्ध्या उंचीवर लाकडी माळा आणि माळ्यावर जायला उभा जिना. अशा माळ्याला तिथे क्रोगलॉफ्ट म्हणतात. पूर्वी खाली चूल, भांडीकुंडी, आईबाप, आणि वर मुलं. आता वर आमची लेक. छपराला स्लेटच्या पातळ फरशा. या फरशांच्या मापांना डचेस, काउंटेस, लेडी अशी नावं आहेत. सरदारघराण्यातल्या बायकांची नावं ठेवलेले दगड ज्यांनी खाणीत आयुष्य घालवून फोडले, त्यातल्या पेन्रिन खाणीच्या कामगारांनी १९०० ते १९०३ अशी तीन वर्षं संप केला होता. 'या घरात गद्दार नाही' अशी छापील कार्डं तेव्हा घरांच्या खिडक्यांत लावलेली असायची. ज्यांच्या खिडकीतून कार्ड नाहीसं झालं त्यांच्याशी पुढे पिढ्यानपिढ्या लोक बोलले नाहीत म्हणतात. तीन वर्षांच्या संपात काय काय फुटत असेल, ते गिरणगावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारावं.

टेबलावर दूध, लोणी आणि एक घरी केलेला गोडसर, मनुकांचा, चहात भिजवलेला पाव ठेवलेला होता. नाव बारा ब्रीथ. बारा म्हणजे पाव, ब्रीथ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. पावाला बारा म्हणणाऱ्या लोकांशी हिशेब कसा जमणार, असं नवरा म्हणाला. हा विनोद त्याने आठवडाभर केला.

पावाशेजारी सूचनांची फाइल. सुट्टीच्या घरांच्या या फायली मला वाचायला आवडतात. घराचा स्वभाव त्यांत कळतो. मैलापाणी टाकीत जातं, तेव्हा कागदाखेरीज काहीही सोडू नका. उष्टं-खरकटं तपकिरी डब्यात. वायफाय आहे, पण पाऊस नसेल तर. मोबाइलला रेंज हवी असेल तर खालच्या ग्रिडपाशी जा. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: जिन्याखालचं कपाट खाजगी आहे.

कपाटाला पितळी कुलूप होतं. लहान, पण वापरातलं. लेकीचं लक्ष फाइलमधल्या बाकी कशावरच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीणबाई स्वतः आल्या, चार चाकांच्या क्वाड बाइकवर, मागे कुत्रा. सत्तरीच्या असतील. आमच्याशी इंग्रजी बोलल्या, कुत्र्याशी वेल्श. कुत्रा त्यांचं ऐकत होता आणि मी त्या दोघांचं. येण्याचं कारण आमचा धूर. आदल्या रात्री आम्ही लाकडाची शेगडी पेटवायला गेलो, ती पेटली नाही, पण धूर मात्र घरभर, आणि आगीचा इशारा देणारं यंत्र रात्री अकरा वाजता अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल असं किंचाळलं. त्यांना ते खरंच ऐकू गेलं होतं. बाईंनी गुडघे टेकले, खालची झडप उघडली, वरची अर्धी लावली, बारीक काटक्या आडव्या-उभ्या रचल्या आणि एका काडीत जाळ केला. मला लाज वाटली. माझी आजी ओल्या लाकडांवर फुंकणीने इतक्याच मुकाट्याने जाळ करायची. मी पुण्यात गॅसवर वाढले.

जाळ लागल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली. वेल्समध्ये जुनी समजूत होती, की गावाच्या सामाईक रानात एका रात्रीत घर उभारलं आणि उजाडायच्या आत त्याच्या धुराड्यातून धूर निघाला, तर घर तुमचं. दारात उभं राहून कुऱ्हाड फेकायची, ती जिथे पडेल तिथवरची जमीनही तुमची. अशा घराला 'ती इन्नोस' म्हणतात, एका रात्रीचं घर. कायद्यात असं कुठेच नव्हतं, पण गरिबांनी त्याच्या जोरावर घरं उभी केली. मुंबईत वाढलेल्या नवऱ्याला यात नवल वाटलं नाही. रात्रीत चार पत्रे उभे करून सकाळी आत स्टोव्ह पेटवणारी वस्ती त्याने शाळेच्या वाटेवर पाहिलेली आहे. "आपला धूर काल धुराड्यातून निघालाच नाही," तो म्हणाला, "म्हणजे हे घर काही आपलं होत नाही."

"नाहीच," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी दहा वाजता रिकामं करायचं."

घराच्या नावात हावोद हा शब्द होता. मला वाटलं एखाद्या माणसाचं नाव. बाईंनी सांगितलं, हावोद म्हणजे उन्हाळ्याचं घर. खाली खोऱ्यात असतं ते हेन्द्रे, जुनं घर, हिवाळ्याचं, कायमचं. मे महिना लागला की घरातली तरणी माणसं गुरं-मेंढरं घेऊन वर हावोदला यायची, उन्हाळाभर दूध, लोणी, चीज करायची, आणि थंडी पडायला लागली की परत हेन्द्रेला. ती पद्धत बंद होऊन दोनअडीचशे वर्षं झाली, पण नकाशावर हावोद आणि हेन्द्रे शेकड्याने सापडतात. बाईंचं शेत खाली आहे, तेच हेन्द्रे. हे घर त्यांच्या सासऱ्यांच्या आत्याचं. ती गेल्यावर वीसेक वर्षं इथे मेंढ्यांचं खाद्य ठेवायचे. मग छप्पर नवं केलं, शॉवर बसवला.

म्हणजे हे परत उन्हाळ्याचंच घर झालं, मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. हे वाक्य त्यांनी पाहुण्यांच्या तोंडून बरेचदा ऐकलं असणार.

मला आमच्याकडचे धनगर आठवले. दिवाळी झाली की घाटावरून मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात कळप रात्री बसवायचा, त्याच्या बदल्यात शेतकऱ्याने धान्य द्यायचं. शेताला खत, कळपाला चारा. आजोबा त्यांची वाट बघायचे, असं बाबा सांगत. फरक इतकाच, की इथली मेंढरं उन्हाळ्यात वर जायची आणि आमच्याकडची हिवाळ्यात खाली यायची. आणि आमच्याकडे ते अजून येतात. शेतात कळप बसवून घेणारं घर मात्र बंद आहे.

समोरच्या डोंगरावर कुंपण नव्हतं, तरी मेंढ्या एका रेषेपलीकडे जात नव्हत्या. बाई म्हणाल्या, त्यांना त्यांचा कनेविन माहीत आहे. आपला डोंगर, आपला ओढा, वाऱ्यापासून आडोसा कुठे, हे मेंढी कोकराला शिकवते, आणि ते कोकरू पुढे आपल्या कोकराला. म्हणून असं शेत विकलं तर कळपही बहुधा शेताबरोबरच विकला जातो. नव्या मेंढ्या आणून सोडल्या तर त्या चुकतात. कनेविन हा शब्द त्या माणसांसाठीही वापरतात. मी मराठी शब्द शोधत राहिले. 'चरायचं रान' नव्हे, 'गाव' नव्हे. 'पायाखालची वाट' जवळपास जातं.

(त्या मेंढ्यांतल्या निम्म्यांची पाठ निळी होती, काहींची लाल. लेकीने विचारलं, मेंढ्यांना रंग का? बाईंनी कसलाही संकोच न करता सांगितलं. या महिन्यात एडका कळपात सोडतात, त्याच्या छातीला रंगाची पट्टी बांधलेली असते. कुठली मेंढी झाली, कुठली राहिली, ते पाठीवरून कळतं, आणि रंग बदलला की तारीख कळते. लेक चौदा वर्षांची आहे. पुढचे दोन दिवस तिने कुठल्याही मेंढीकडे सरळ पाहिलं नाही.)

पावसाबद्दल एकदाच सांगते, नाहीतर सगळा लेख ओला होईल. महाबळेश्वरात चार महिन्यांत जे पडतं त्याच्या निम्म्यापर्यंत इथले ओले डोंगर वर्षभरात पोचतात. पण आपला पाऊस येतो, पडतो, जातो. हा पडत नाही, हवेत उभा असतो. तरी कधी मुसळधार पडला तर वेल्शमध्ये म्हणतात, म्हाताऱ्या बायका आणि काठ्या पडतायत. आपल्याकडे मुसळं, त्यांच्याकडे म्हाताऱ्या. एका पाहुण्याने घरातल्या वहीत लिहिलं होतं, सात दिवस राहिलो, डोंगर दिसला नाही, पण कुणीतरी सांगितलं की आहे. त्या वहीत बाकी शॉवरच्या धारेचं कौतुक, मुलांनी काढलेल्या मेंढ्या, आणि कुणाची तरी तक्रार, मेंढ्या पहाटे फार ओरडतात.

बालाहून त्रौसवनिधकडे जाणारा रस्ता एका मोठ्या जलाशयाच्या काठाने जातो. ल्लिन केलिन. पाणी शांत, काठावर झाडी, गाडी लावायला जागा, थर्मासमधला चहा प्यायला अगदी योग्य. आम्ही प्यायलो. मग पाटी वाचली.

या पाण्याखाली कापेल केलिन नावाचं गाव आहे. शाळा, पोस्ट, चॅपल, दफनभूमी, घरं आणि शेतवाड्या. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. वेल्समधल्या कुणाची परवानगी लागू नये म्हणून शहराच्या महापालिकेने सरळ लंडनच्या संसदेतून १९५७ साली कायदा करून घेतला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिलं नव्हतं. गावकरी आधीच्या वर्षी पोराबाळांसकट लिव्हरपूलच्या रस्त्यांवर फलक घेऊन चालून आले होते. १९६५ साली खोरं भरलं. ६७ पैकी ४८ माणसांची घरं गेली. काही कुटुंबांनी आपल्या माणसांची थडगी हलवली, बाकीची काँक्रीटखाली तिथेच राहिली. सगळं गाव वेल्श बोलणारं होतं. लिव्हरपूलने २००५ मध्ये माफी मागितली. काठावर एक छोटं स्मारक आहे, जुन्या चॅपलच्या दगडांचं.

अ‍ॅबरिस्टविथच्या दक्षिणेला समुद्राकाठच्या रस्त्यावर एका पडक्या घराच्या भिंतीवर त्याच काळात कुणीतरी रंगाने दोन शब्द लिहिले. आज ते असे वाचता येतात, 'कोव्युख द्रवेरिन'. त्रवेरिन विसरू नका. नदीचं, खोऱ्याचं नाव त्रवेरिन. ती भिंत किती वेळा विद्रूप झाली, पडली, पुन्हा रचली, पुन्हा रंगवली. आता तेच शब्द वेल्सभर कुठल्याही भिंतीवर, मोटारीच्या काचेवर, टीशर्टवर दिसतात. इथे माझं पाटीवरचं कोडं सुटलं. वेल्शमध्ये शब्दाचं तोंड बदलतं. मागे काय आलं त्यावर क चा ग होतो, त चा द, प चा ब. कम्रीत स्वागत करायचं तर ती गम्री होते. त्रवेरिन आठवायचं तर ते द्रवेरिन होतं. आपण शब्दाचं शेपूट बदलतो. चिपळूण, पण चिपळुणात. घर, पण घराला. ते तोंड बदलतात. कुणी नुसतं नाव घेतलं तर ते गाव एक, आणि कुणी आठवण काढली तर त्याच गावाचं नाव वेगळं. व्याकरणाने डोळ्यांत पाणी यायची माझी ही पहिलीच वेळ, आणि नवरा म्हणाला की वाऱ्यामुळे असेल.

तो मला नंतर म्हणाला, लिव्हरपूलवाल्यांना काय नावं ठेवायची, आपण कुठलं पाणी पितो? मला माहीत होतं. इतकी वर्षं बर्मिंगहॅममध्ये राहून ते माहीत नसेल असं होत नाही. महापालिकेच्या जुन्या अभिमानाचा तो भाग आहे. शहराचं पाणी मध्य वेल्समधल्या एलान खोऱ्यातून येतं, १९०४ सालापासून. ७३ मैल, कुठेही पंप नाही, नुसत्या उताराने. तिथेही शंभरावर माणसं उठवली, आणि भरपाई मिळाली ती जमीनमालकांना, कुळांना नाही. ते पाणी माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला येतं. अतिशय मऊ पाणी आहे. डाळ चटकन शिजते, हे मी फोनवर आईला कौतुकाने सांगितलेलं आहे.

पुण्याच्या माणसाने त्याहून लांब जायला नको. कॉलेजात असताना पावसाळ्यातल्या रविवारी आम्ही मुळशीला जायचो. धरणाच्या काठी कणसं, पिठलं-भाकरी, भिजलेले फोटो. मुंबईला वीज पुरवायला टाटांनी ते धरण बांधलं, मावळातली भातखाचरं आणि गावं त्यात गेली, १९२१ पासून तीन वर्षं सत्याग्रह चालला आणि त्यातूनच पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. हे सगळं मी शाळेच्या इतिहासात पाच मार्कांसाठी पाठ केलेलं होतं. पिठल्याच्या ताटाशी बसून ते एकदाही आठवलं नाही. मुळशी आठवा असं कुणी रस्त्यावर लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. लिहिलं असतं तर व्याकरणाने 'मुळशी'ला काहीच झालं नसतं. ईकारान्त नाव, जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने पुढे त्रौसवनिधला गेलो. तिथे एक शेतघर आहे, अर अस्गुर्न. तिथला थोरला मुलगा एलिस हम्फ्री इव्हान्स मेंढपाळ होता आणि कवी होता. कवितेत नाव हेध विन, म्हणजे शुभ्र शांती. वेल्शांच्या साहित्य संमेलनात, आइस्टेधवोदमध्ये, सर्वोत्तम दीर्घकवितेला खरीखुरी कोरीव खुर्ची देतात, कवी ती घरी नेतो. (आपल्याकडेही संमेलनात खुर्चीवरूनच सगळं चालतं, पण ती परत करावी लागते.) १९१७ साली कवीचं टोपणनाव पुकारलं तेव्हा कुणी उठलं नाही. पाचेक आठवड्यांपूर्वी, ३१ जुलैला, बेल्जियमच्या आघाडीवर तो मारला गेला होता. खुर्चीवर काळं कापड टाकलं आणि ती तशीच आगगाडीने, मग गाडीवरून, या घरी आली. ती कोरली होती तीही बेल्जियममधून निर्वासित होऊन आलेल्या एका कारागिराने.

लोक खुर्ची बघायला यायला लागले. आईने सगळ्यांना आत घेतलं. पुढे कवीचा भाचा जेराल्ड विल्यम्स याच्याकडून तिने वचन घेतलं, की दार उघडं ठेवायचं. त्याने ते आयुष्यभर ठेवलं. शेती करता करता, जेवता जेवता, कुणीही दारात आलं की आत बोलवायचं, खुर्ची दाखवायची. २०१२ मध्ये घर राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात गेलं, २०२१ मध्ये नव्वदी ओलांडून तो वारला. आता तिकीट आहे, उपाहारगृह आहे, आणि घर आतून १९१७ सालातलं ठेवलेलं आहे. लोखंडी चूल, बशांची मांडणी, घड्याळ. मी चुलीपुढे उभी राहिले आणि मनात पहिला विचार आला तो असा, की हे सगळं पुसतं कोण? राजापूरला आमच्या घरी दर चार महिन्यांनी दादा रत्नागिरीहून जातो, वाळवी बघतो, कौलं बघतो, अंगणातलं रान काढून घेतो आणि परत कुलूप लावून येतो.

त्या संध्याकाळी बाई अंडी घेऊन आल्या. आम्ही त्यांना चकलीचे तुकडे दिले. त्यांनी चार खाल्ले आणि पाचवा कुत्र्याला. बोलता बोलता मी विचारलं, खालच्या वाडीत संध्याकाळी दिवे का दिसत नाहीत? त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. तिथल्या नऊ घरांपैकी हिवाळ्यात चार घरांत दिवा लागतो. बाकीची सुट्टीची. ग्वाइनेध परगण्यात २०२३ पासून दुसऱ्या घरावर कौन्सिलचा कर दीडशे टक्के जास्त आहे, म्हणजे इतरांच्या अडीचपट. भाड्याने देता असं दाखवून कर वाचवायचा तर वर्षातून १८२ दिवस खरोखर पाहुणे हवेत. म्हणून त्यांना ऑक्टोबरच्या पावसातही आमच्यासारखे लोक लागतात. त्यांची मुलगी प्राथमिक शाळेत वेल्शमधून शिकवते, आणि राहते तासाभराच्या अंतरावर भाड्याने, कारण इथे घर परवडत नाही. "माझ्याकडे दोन घरं आहेत आणि मुलगी भाड्याने," त्या म्हणाल्या. "एक विकलं तर बर्मिंगहॅमचा माणूस घेईल." मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला नाही म्हणत."

लेकीने कुठेसं वाचलं होतं ते विचारून टाकलं, की इथे सुट्टीची घरं जाळायचे ना? हो, बाई म्हणाल्या. १९७९ पासून दहाबारा वर्षं, दोनशेच्या आसपास. जाळणारे स्वतःला ग्लिनदूरचे पुत्र म्हणवायचे. ओवेन ग्लिनदूर म्हणजे १४०० साली इंग्रजांविरुद्ध उठलेला वेल्श सरदार, तो डोंगरात लढला, हरला, पण सापडला नाही, आणि त्याची समाधी कुणाला माहीत नाही. "घाबरू नकोस. आत माणसं नसतील अशीच घरं जाळायचे. तुमचं तर शेगडीतलं लाकूडही पेटत नाही."

जाताना त्यांच्या फोनवर नातवाचा आवाज आला, "नाइन!" उत्तर वेल्समध्ये आजीला नाइन म्हणतात. मग पाच मिनिटं त्या दारात उभ्या राहून त्याच्याशी बोलल्या. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे ५ लाख ३८ हजार निघाले, देशाच्या १७.८ टक्के. या परगण्यात चौसष्ट टक्के. सरकारला २०५० पर्यंत दहा लाख करायचे आहेत. मराठी बोलणारे आठ कोटींवर, आणि आमच्या घरात अडीच. मी लेकीला मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, हे अर्ध्याचं गणित. त्या आठवड्यात तिने वेल्श स्पेलिंग वाचायला शिकून घेतलं. हाच कित्ता १८४१ साली टॉमस जोन्स नावाच्या वेल्श मिशनऱ्याने चेरापुंजीला नेला आणि खासी भाषा आजही जी रोमन अक्षरं वापरते ती त्याच्या घरच्या चालीवर बसवली. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, मग आपली लिपी इतकी अवघड कुणी केली?

गुरुवारी ग्रिडपाशी फोन जिवंत झाला आणि दादाचे चार निरोप एकदम आले. मुंबईचं एक जोडपं राजापूरचं घर बघून गेलं. होमस्टे करायचंय. आधी पाच वर्षांचा करार, पडवीत टेबलं, परसात दोन न्हाणीघरं त्यांच्या खर्चाने. मेच्या हंगामाआधी सुरू करू म्हणतात. छप्पर ते दुरुस्त करणार. एक खोली आपल्यासाठी बंद ठेवू. तुझं काय म्हणणं? खाली फोटोंत चिऱ्याची भिंत, ओटीवरची घोंगडी, आणि माजघरातलं आजीचं फडताळ, बंद.

मी लगेच उत्तर दिलं नाही. डोंगर त्या दिवशी पहिल्यांदा माथ्यापर्यंत दिसला. काळा, बुटका, आपल्या सह्याद्रीपुढे उंचीला काहीच नाही, पण वयाने त्याच्या कितीतरी पट म्हातारा. कँब्रियन हे नावच भूगर्भशास्त्राने या देशावरून उचललेलं, पन्नास कोटी वर्षांच्या घरातलं. रात्री आभाळ उघडलं तेव्हा आम्ही पणत्या बाहेर लावल्या, दगडी गडग्यावर ओळीने. एररी, म्हणजे इथलं राष्ट्रीय उद्यान, हे आकाशासाठी राखलेलं अंधारवन आहे, तिथे दिवे लावून आपण नियम तर मोडत नाही ना, असं नवरा म्हणाला. वाऱ्याने प्रश्न मिटवला.

शुक्रवारी सकाळी माळ्यावरचा बल्ब गेला. बाई चादरी घ्यायला आल्याच होत्या. त्यांनी खिशातून जुडगा काढला आणि जिन्याखालचं कुलूप उघडलं. लेक धावत खाली आली. आराव, मी म्हटलं.

आत व्हॅक्यूम क्लीनर होता. ब्लीचच्या बाटल्या, टॉयलेट रोलचे गठ्ठे, जास्तीच्या रजया प्लॅस्टिकमध्ये, बल्बचं खोकं. बाईंनी एक बल्ब काढला, कुलूप लावलं. लेकीचा चेहरा बघून मी विचारलं, आत्याबाईंचं काही सामान राहिलं नाही का इथे? त्यांनी जरा विचार केला. "दरवाजा," त्या म्हणाल्या. "दरवाजा तिचाच आहे. नवीन करायचा तर उंच करावा लागतो."

ग्रिडपाशी गाडी थांबवून मी दादाला फोन लावला. भारतात दुपारचे साडेतीन झाले होते, तो झोपेतून उठलेला. मी म्हटलं, दे घर. छप्पर जाण्यापेक्षा बरं. तो म्हणाला, मग बंद खोलीत काय काय ठेवायचं त्याची यादी पाठव.

"बल्ब ठेव," मी म्हटलं. "जास्तीच्या चादरी. फिनेल."

"अगं, त्यांचं नव्हे, आपलं सामान."

आपलं सामान म्हणजे नक्की काय उरलंय, ते आधी बघून सांग, मी म्हटलं. तो म्हणाला, शनिवारी जातोच आहे. देव मी रत्नागिरीला आणतो. जातं कुणी उचलणार नाही, ते राहू दे. राहिलं फडताळ. आजी गेल्यापासून उघडलंच नाही कुणी.

"त्याची किल्ली तुझ्याकडेच ना गं?"

माझ्याकडेच होती. बर्मिंगहॅमला, स्वयंपाकघरात, नळाखालच्या खणात.